ती स्वतःला सापडली, मग आपण का भांडतोय?

काही पुस्तकांबद्दल "बरं आहे" म्हणणारा माणूस सहसा भेटत नाही. एलिझाबेथ गिल्बर्ट या अमेरिकन लेखिकेचं ‘ईट, प्रे, लव्ह’ हे त्यातलं ठळक उदाहरण. 2006 च्या फेब्रुवारीत ते आलं, पुढच्या वर्षी ऑप्रा विन्फ्रीच्या अमेरिकन टीव्हीवरच्या कार्यक्रमात गाजलं, 2010 मध्ये ज्युलिया रॉबर्ट्सला घेऊन त्यावर चित्रपट निघाला आणि आजवर त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. एवढ्या खपानंतरही वाचकांचं एकमत नाही. "या पुस्तकानं मला उभं केलं" म्हणणारे एकीकडे, आणि "मी, मला, माझं यापलीकडे या बाईला काही दिसतं का?" म्हणणारे दुसरीकडे. दोन्ही बाजू तावातावानं बोलतात.

बडोद्यात आमच्या दांडिया बाजारातल्या वाचनमंडळात हे पुस्तक चर्चेला घेतलं तेव्हा तेच झालं. काहींनी ते इंग्रजीतून पूर्ण वाचलं होतं, काहींनी अर्धं, आणि दोघी-तिघींनी नुसता सिनेमा पाहिला होता (वाचनमंडळात हे चालतं, सगळ्यांना माहीत असतं, कुणी बोलत नाही). बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू म्हणाल्या, "रात्री बाथरूमच्या फरशीवर बसून रडायला मलाही आलं असतं गं. पण सकाळी सहाला दोन डबे भरायचे असायचे." त्यावर युनिव्हर्सिटीत शिकवणारी एक तरुण मुलगी म्हणाली, "काकू, तिनं ते रडणं लिहिलं म्हणून मला माझं रडणं कळलं." मग चहा येईपर्यंत कुणी कुणाचं ऐकलं नाही.

गंमत म्हणजे दोघी एकाच पानाबद्दल बोलत होत्या आणि दोघींचंही बरोबर होतं. हे कसं होतं, ते जरा उलगडून बघू.

आधी पुस्तकात काय आहे ते

तिशी ओलांडलेली, नाव कमावलेली एक लेखिका. न्यूयॉर्कजवळ मोठं घर, नवरा, आता मूल व्हावं अशी सगळ्यांची अपेक्षा. एका रात्री ती बाथरूमच्या फरशीवर बसून रडते, आपल्याला हे लग्न नको आहे हे तिला कळतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती देवाशी बोलते. उत्तर म्हणून आतून आवाज येतो तो साक्षात्काराचा नाही. जाऊन झोप, एवढंच तो सांगतो. पुस्तकातली ही सगळ्यात चांगली जागा, असं माझं मत. पुढे घटस्फोट, त्यातलं कोर्टकचेरीचं आणि पैशाचं ओढाताणीचं वर्ष, मध्येच एक फसलेलं प्रेम. मग वर्षभराचा प्रवास: चार महिने इटलीत खाणं आणि भाषा शिकणं, चार महिने भारतात एका आश्रमात साधना, आणि चार महिने बालीत, जिथे शेवटी तिला नवा जोडीदार भेटतो.

रचना जपमाळेची आहे. 108 प्रकरणं, तीन भागांत प्रत्येकी 36, आणि प्रस्तावना म्हणजे 109 वा मणी. आपल्याकडे त्या मण्याला मेरुमणी म्हणतात आणि तो ओलांडायचा नसतो, तिथून माळ उलट फिरवायची असते. गिल्बर्टबाईंनी तिथून सरळ पुढे सुरुवात केली, पण ते असो. मुद्दा असा की, आयुष्यातला पसारा 108 मण्यांत नेमका ओवता येतो, हीच गोष्ट काही वाचकांना दिलासा देते आणि काहींना तिथेच संशय येतो. खऱ्या आयुष्यात 36-36-36 कुठून येणार?

वाचक तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकदम देतात

कादंबरी वाचताना आपण फार तर विचारतो, जमली आहे का? नायिका स्वार्थी असली तरी चालते, उलट मजा येते. आत्मकथन वाचताना मात्र तीन प्रश्न एकमेकांत अडकतात. लिहिलंय कसं? ही बाई माणूस म्हणून कशी आहे? आणि असं जगणं मला जमलं असतं का? काकू तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देत होत्या, ती मुलगीही तिसऱ्याचंच, पण उलट बाजूनं. मंडळातले एक निवृत्त प्राध्यापक पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत राहिले: "वाक्यं छान आहेत हो, विनोद सहज येतो." त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, कारण बाकीच्यांना वाक्यांशी कर्तव्यच नव्हतं.

हे प्रश्न अडकतात याला कारण आहे. फिलिप लज्यून या फ्रेंच अभ्यासकानं 1975 मध्ये मांडलं की आत्मचरित्र म्हणजे लेखक आणि वाचक यांच्यातला एक करार असतो. मुखपृष्ठावरचं नाव, गोष्ट सांगणारा ‘मी’ आणि गोष्टीतलं मुख्य पात्र, तिन्ही एकच माणूस आहे, अशी हमी लेखक देतो. ती हमी मिळाली की वाचक पात्राला नाही, माणसाला तोलायला लागतो. करार मोडला तर तो किती चिडतो हे त्याच सुमारास दिसलं होतं. 2006 च्याच जानेवारीत, म्हणजे ‘ईट, प्रे, लव्ह’ बाजारात यायच्या जेमतेम महिनाभर आधी, जेम्स फ्रे या अमेरिकन लेखकाच्या व्यसनमुक्तीच्या आत्मकथनातले बरेच प्रसंग फुगवलेले किंवा रचलेले असल्याचं उघड झालं. ऑप्रानंच ते पुस्तक आधी उचलून धरलं होतं, तिनंच त्याला कार्यक्रमात बोलावून जाब विचारला, आणि प्रकाशकानं नाराज वाचकांना पैसे परत द्यायची तयारी दाखवली. कादंबरीत खोटं आहे म्हणून कुणी पैसे परत मागितल्याचं ऐकलंय?

गिल्बर्टबाईंवर रचून लिहिल्याचा असा आरोप झाला नाही. त्यांच्याबाबत वाचकांना वेगळीच गोष्ट टोचली. पहिलं लग्न नेमकं का मोडलं हे त्या सांगत नाहीत. ते खासगी आणि दुःखाचं आहे म्हणून बाजूला ठेवतात. निम्मे वाचक म्हणतात, किती सभ्यपणा, नवऱ्याची बदनामी केली नाही. उरलेले म्हणतात, ज्या निर्णयावर सगळं पुस्तक उभं आहे त्याचंच कारण दडवलं. मी यात पहिल्या निम्म्यांच्या बाजूची आहे. पण दुसऱ्यांची चिडचिड मला कळते: करारात ‘सगळं सांगेन’ असं कलम नसलं, तरी ते आहे असं आपण धरून चालतो.

रस का येत नाही

याच गोष्टीकडे बघायची एक जुनी, आपली वाट आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरच्या भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांनी साधारणीकरणाचा विचार मांडला. नाटकातला शोक बघताना प्रेक्षकाला आनंद का होतो? कारण तो शोक ‘माझा’ नसतो, ‘शत्रूचा’ नसतो, ‘त्या अमक्या माणसाचा’ही राहत नाही. नाव, गाव, काळ गळून पडतात आणि नुसता शोक उरतो. मग तो कुणालाही चाखता येतो.

आत्मकथनात हे गळून पडणंच अवघड होऊन बसतं. तिथे नाव छापलेलं असतं, गाव ठरलेलं असतं, बँकेतल्या पैशांचाही अंदाज येतो. ज्या वाचकाच्या मनात हे तपशील बाजूला सरकतात, त्याला फरशीवरचं रडणं हे सगळ्यांचं रडणं वाटतं. ज्याच्या मनात सरकत नाहीत, त्याला ती एक श्रीमंत अमेरिकन बाई दिसत राहते आणि तो हिशेब मांडत बसतो. हा हिशेब मांडणारा वाचक अरसिक असतो असं नाही. सहा वाजताचे डबे ज्याच्या अंगवळणी पडलेत, त्याच्या डोळ्यांपुढून ते हटवायचे कसे? इथे बाई-पुरुष या भेदापेक्षाही घरातल्या कामाची वाटणी जास्त बोलते, असं मला मंडळात नेहमी दिसतं. ज्यांच्या घरी स्वयंपाकाला बाई येते त्यांना पुस्तक थोडं जास्त आवडतं. हे संशोधन नाही, निरीक्षण आहे.

पैशाचा मुद्दा

आता सगळ्यात मोठी तक्रार. "पैसा होता म्हणून गेली." खरं आहे, आणि हे लेखिकेनं लपवलेलं नाही. घटस्फोटात बरंच काही गेल्यावर हा प्रवास शक्य झाला तो प्रकाशकानं आगाऊ पैसे दिले म्हणून, हे पुस्तकातच लिहिलंय. म्हणजे पुस्तक आधी विकलं गेलं आणि आत्मशोध नंतर झाला. हे वाचून अनेकांच्या कपाळावर आठ्या येतात. शोध लागणारच हे आधी ठरलं असेल तर तो शोध कसला?

माझ्या मते इथे दोन गोष्टींची सरमिसळ होते. एखादं पुस्तक साक्ष म्हणून वाचता येतं, तसंच सल्ला म्हणूनही. साक्ष म्हणजे, माझ्यावर हे गुदरलं, मी असं वागले. तिला पैशाचा निकष लावायचं कारण नाही. श्रीमंताचं दुःखही दुःखच असतं. सल्ला म्हणजे, तूही असंच कर. तिथे मात्र पैसा, पासपोर्ट, रजा, घरी म्हातारी माणसं, सगळं विचारावंच लागतं. पुस्तक स्वतः बहुतेक ठिकाणी साक्षीच्या सुरात बोलतं. पण त्याच्या भोवतीचा बाजार सल्ल्याचा होता: टीव्हीवरचे कार्यक्रम, बालीच्या सहली, सिनेमाच्या निमित्तानं विकायला काढलेल्या वस्तू. वाचकाच्या हातात दोन्ही एकदम पडतं. मग साक्षीवर खूश असलेला आणि सल्ल्यावर चिडलेला, असे दोघे एकमेकांशी भांडतात आणि दोघांनाही वाटतं आपण पुस्तकाबद्दल बोलतोय.

घटस्फोटाचं म्हणाल तर बडोद्याला त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं. सयाजीरावांच्या बडोदा संस्थानात हिंदूंना कायद्यानं घटस्फोट घेण्याची सोय 1931 मध्ये झाली. देशभरासाठी हिंदू विवाह कायदा आला तो 1955 मध्ये, म्हणजे 24 वर्षांनी. तरी मंडळातल्या एक आजी म्हणाल्या ते खोटं नाही: "कायदा राजवाड्यात होता बाई, वाड्यात नव्हता." कायद्यानं मिळालेली मोकळीक आणि सासर-माहेरच्या चौकटीत मिळालेली मोकळीक यांत केवढं अंतर होतं, हे ज्यांनी पाहिलं त्यांना गिल्बर्टबाईंचं निघून जाणं एकतर स्वप्नासारखं वाटतं किंवा चैनीसारखं. मध्यम मत व्हायला जागाच नाही.

तुलसी

भारताच्या भागात एक मुलगी आहे, तुलसी नावाची. सतरा वर्षांची, चष्मा लावणारी, पोरगेली. आश्रमात सेवा म्हणून ती लेखिकेबरोबर फरशी घासते. घासता घासता बोलणं लग्नावर येतं. पुढच्या महिन्यात अठरा पूर्ण झाली की घरचे स्थळं बघणार, आणि तिला तर लग्नच नको आहे. मुलगी ‘नापसंत’ व्हायला कोणकोणती कारणं पुरतात याची ती लांबलचक यादी सांगते: फार काळी, फार शिकलेली, फार उंच, असलं काहीबाही. मग ती लेखिकेकडे बघून म्हणते की मला तुमच्यासारखं हिंडायचंय.

भारताबाहेरच्या वाचकांना हे एक गोड पान वाटत असेल. आमच्याकडे चर्चा तासभर इथेच अडली. कारण त्या यादीतल्या किमान दोन कारणांवरून नाकारलेल्या बायका त्याच खोलीत बसलेल्या होत्या. आणि प्रश्न असा आला: त्या फरशीवर दोघी शेजारी-शेजारी बसल्या आहेत, दोघींनाही लग्न नको आहे. एकीच्या ‘नको’चं जगभर वाचलं जाणारं पुस्तक झालं. दुसरीचं काय झालं? पुस्तक सांगत नाही. लेखिका पुढे आपल्या ध्यानाकडे वळते.

मला हे पुस्तकाचं खरं दुखणं वाटतं. पैशाचं दुखणं त्यामानानं किरकोळ आहे. स्वतःचा शोध घेणाऱ्यानं दुसऱ्याकडे किती वेळ बघितलं, हा निकष लावला तर इटलीचा भाग पास होतो (तिथली माणसं नुसती वाटाड्या नाहीत, त्यांचे स्वभाव आहेत), बालीचा भागही बराचसा होतो. तिथे वायान नावाच्या वैदू बाईसाठी लेखिका मित्रांकडून सुमारे 18,000 डॉलर जमवते, आणि पैसे हातात आल्यावर वायान जागा घ्यायला टाळाटाळ करते, आणखी पैसे सुचवते, तेव्हा लेखिकेचा भोळेपणा आणि राग दोन्ही पानावर येतात. तिथे समोरच्या माणसाला स्वतःची इच्छा आहे, डाव आहे. भारताच्या भागात आश्रमाच्या भिंतीबाहेरचं जग जवळजवळ नाहीच. आश्रमाचं नाव आणि गुरूंचं नाव तिनं मुद्दाम दिलेलं नाही, तो तिचा हक्क. पण मुंबईला उतरून गेलेली बाई चार महिन्यांत आसपासच्या गावातल्या किती माणसांशी बोलली, हे मराठी वाचक शोधतो आणि त्याच्या हाती फारसं लागत नाही.

याउलट गुरुगीतेवरची तिची चिडचिड आमच्याकडे सगळ्यांना आवडली. 182 श्लोक, भल्या पहाटे, थंडीत, रोज. तिला ते सहन होत नाही आणि ती ते कबूल करते. लहानपणी परवचा म्हणायला लावलेल्या पिढीनं तिथे मनापासून मान डोलावली.

खप वाढला की नावं ठेवणारे का वाढतात

आता एक गोष्ट जी पुस्तकाच्या आतल्या मजकुराशी अजिबात संबंधित नाही. बालाझ कोवाच आणि अमांडा शार्की या दोन अभ्यासकांनी 2014 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मोठा पुरस्कार मिळालेली पुस्तकं आणि त्याच पुरस्काराच्या अंतिम यादीत येऊन हुकलेली पुस्तकं, यांच्यावर वाचकांनी ‘गुडरीड्स’ या पुस्तकांच्या संकेतस्थळावर दिलेली मतं त्यांनी ताडून बघितली. पुरस्कार जाहीर झाल्यावर विजेत्या पुस्तकाचे वाचक वाढले, आणि सरासरी गुण घसरले. हुकलेल्यांपेक्षा जास्त घसरले.

कारण सोपं आहे. आपल्याकडच्या सेव-उसळीचं बघा. गल्लीतल्या गाडीवर येणारा नेहमीचा गिऱ्हाईक तर्री किती जहाल आहे हे जाणून येतो आणि वरून आणखी मागून घेतो. गाडीचं नाव मोबाइलवर सगळीकडे झालं की तिखट न खाणारेही रांगेत उभे राहतात आणि "उगाच डोक्यावर घेतलंय" म्हणत जातात. उसळ तीच असते. पुस्तकाचं असंच होतं. सुरुवातीचे वाचक स्वतःहून त्या विषयाकडे आलेले असतात. गाजल्यावर येणारे वाचक मैत्रिणीनं दिलं म्हणून, सिनेमा आला म्हणून, मुलीनं न्यू जर्सीहून आणलं म्हणून वाचतात. त्यांची अपेक्षा वेगळी असते, आणि ‘जगभर गाजलेलं’ हे शब्द मुखपृष्ठावर असल्यामुळे मोठीही असते.

म्हणून एखादं पुस्तक दोन टोकांत वाटलं गेलं म्हणजे ते वादग्रस्त, असं लगेच समजू नये. नेहमीच्या वाचकवर्गाबाहेर पोचलं, एवढाही त्याचा अर्थ असू शकतो. शिवाय मत नोंदवायचे कष्ट कोण घेतो? फार आवडलेला नाहीतर फार वैतागलेला. ज्याला बरं वाटलं तो पुस्तक कपाटात ठेवून पापड लाटायला जातो.

आपल्याकडे हे भांडण जुनं आहे

‘स्वतःबद्दल एवढं बोलणं हे पाश्चात्त्यांचं’ असं मंडळात एकदा तरी निघतंच. हा आक्षेप गांधीजींनीही ऐकला होता. त्यांची आत्मकथा 1925 ते 1929 या काळात ‘नवजीवन’ साप्ताहिकात गुजराती भाषेत येत होती. तिच्या प्रस्तावनेत ते सांगतात की एका मित्रानं शंका काढली: आत्मचरित्र ही पश्चिमेची रीत, आणि उद्या तुमची तत्त्वं बदलली तर तुमच्या शब्दावर विसंबून वागलेल्यांचं काय? गांधीजींना शंका पटली, तरी त्यांनी लिहिलं. फक्त हे चरित्र नाही, प्रयोगांची हकिकत आहे, असं म्हणून. मित्राचा दुसरा प्रश्न लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

पण रीत पश्चिमेची हे अर्धंच खरं. तुकोबांचा आत्मचरित्रपर अभंग आहे. बोलू नये, पण तुम्ही संतांनी विचारलंत म्हणून सांगतो, अशी आधी परवानगी घेऊन ते सांगतात: दुष्काळ पडला, पैसा गेला, मान गेला, बायको अन्न अन्न करत मेली, धंदा बसला, आणि मग देवाकडे वळलो. दुःखातून उजेडाकडे जाणारी ही घडण. डॅन मॅकॲडम्स या मानसशास्त्रज्ञानं 2006 मध्ये लिहिलं की अमेरिकन माणसं स्वतःच्या आयुष्याची गोष्ट याच घडणीत सांगायला फार उत्सुक असतात. असतीलही. पण देहूला ती आधीपासून ठाऊक होती. फरक आहे तो सुरुवातीच्या त्या संकोचात. तुकोबा विचारल्यावर बोलतात, आणि मोजक्या ओळींत संपवतात. आत्मशोध तीनशेहून जास्त पानांचा असावा का, यावर आपल्या कानांना जो अवघडलेपणा येतो तो बहुधा तिथला आहे.

बडोद्यातच याहून टोकाचं उदाहरण घडलं. अरविंद घोष 1893 ते 1906 बडोदा संस्थानच्या नोकरीत होते. त्यांचं दांडिया बाजारातलं घर आजही जपलेलं आहे. सुरतेच्या अधिवेशनात काँग्रेस फुटल्यानंतर, 1908 च्या जानेवारीत ते बडोद्याला आले असताना ग्वाल्हेरहून आलेले योगी विष्णु भास्कर लेले त्यांना भेटले. सरदार मजुमदारांच्या वाड्यात माडीवरच्या एका खोलीत दोघं तीन दिवस ध्यानाला बसले, आणि मन पूर्ण शांत होण्याचा अनुभव अरविंदांना तिथे आला. एवढी मोठी घटना, तिच्याबद्दल त्यांनी पुढे पत्रांतून वगैरे थोडंच सांगितलं. चरित्र लिहू पाहणाऱ्यांना त्यांचं सांगणं होतं की माझं आयुष्य वरवर दिसण्यासारखं घडलेलंच नाही. मंडळातल्या एकांनी हे उदाहरण "बघा, खरा शोध असा असतो" म्हणून दिलं. मला तेवढं सरळ वाटत नाही. त्या माडीची हकिकत कुणीतरी लिहून ठेवली नसती तर आपल्याला काय कळलं असतं?

मराठीत बायकांनी लिहिलं तेव्हा तर भांडण अटळच होतं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागांनी आली आणि ती सगळ्यांना आवडली, कारण बाई सगळ्यात आधी स्वतःवर हसतात. स्वतःचं सोवळंओवळं, स्वतःचा भाबडेपणा त्या असा सांगतात की राग धरायला जागा उरत नाही. सुनीता देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ 1990 मध्ये आलं तेव्हा मात्र घराघरात दोन पक्ष पडले. महाराष्ट्राच्या लाडक्या लेखकाची बायको त्यांच्याबद्दल, आणि स्वतःबद्दलही, इतकं कठोर लिहिते? "केवढा प्रामाणिकपणा" आणि "घरातलं चव्हाट्यावर कशाला" ही दोन्ही वाक्यं मी एकाच घरात, एकाच जेवणाच्या वेळी ऐकली आहेत. तिथे पैशाचा प्रश्न नव्हता, परदेशाचा नव्हता. तरी फूट पडली. म्हणजे गिल्बर्टबाईंच्या बाबतीत आपण पैशाला जेवढा दोष देतो तेवढा त्याचा वाटा नसावा.

आणि दलित आत्मकथनांनी तर प्रश्नच पालटला. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (1978) लेखक आपल्याच दुसऱ्या रूपाशी, दगडूशी, बोलतो. तिथेही एक माणूस स्वतःला शोधतोय, पण ‘मी’ म्हटलं की सगळा महारवाडा पानावर येतो. त्यावरही दोन्हीकडून प्रतिक्रिया आल्या. पांढरपेशा वाचक हादरला. वस्तीतल्या काहींना आपली जुनी दुःखं आणि अपमान असे उघडे झालेले खटकले. तुलसीच्या पानावर आमची मंडळी अडली त्याचं मूळ मला इथे दिसतं. मराठी वाचकाला आत्मकथनात ‘मी’च्या मागे उभी असलेली माणसं बघायची सवय लागली आहे. ती दिसली नाहीत की तो चुळबुळतो.

पुस्तक संपतं, आयुष्य चालू राहतं

गांधीजींच्या मित्राचा तो दुसरा प्रश्न. बालीत भेटलेल्या जोडीदाराशी गिल्बर्टबाईंनी 2007 मध्ये लग्न केलं, त्यावर 2010 मध्ये दुसरं पुस्तक लिहिलं. 2016 मध्ये ते वेगळे झाल्याचं त्यांनी जाहीर केलं. नंतर आपली जुनी मैत्रीण राया इलायस हिच्यावर आपलं प्रेम असल्याचं सांगितलं. राया तेव्हा कॅन्सरनं आजारी होती, 2018 च्या जानेवारीत ती गेली. 2025 मध्ये त्या नात्यावरचं, त्यातल्या व्यसनाचं आणि स्वतःच्या ओढीचं फार अंधारं आत्मकथन आलं.

मग 2006 चं पुस्तक खोटं ठरलं का? लज्यूनच्या करारानं बघितलं तर नाही. तेव्हाच्या ‘मी’नं तेव्हा जे वाटलं ते लिहिलं. पण ज्यांनी ते सल्ला म्हणून वाचलं होतं, शेवटच्या पानावरचा समुद्र, बेट आणि प्रेम हा मुक्काम समजून, त्यांना हे फसवल्यासारखं लागलं. आमच्यातल्या त्या तरुण मुलीला मात्र उलट हायसं वाटलं. तिचं म्हणणं, एकदा सापडलं की कायमचं सापडलं, याचंच तिला दडपण येत होतं.

काकू अजून पटलेल्या नाहीत. त्यांचं म्हणणं की दर दहा वर्षांनी नवं सत्य सापडणाऱ्या माणसानं निदान जुन्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत दोन ओळी घालाव्यात. ही सूचना मला हसण्यावारी नेण्यासारखी वाटली नाही. औषधाच्या बाटलीवर तारीख असते. पण प्राध्यापकांनी लगेच विरोध केला: लेखकानं जुन्या ‘मी’वर दुरुस्त्या चढवल्या की साक्ष बिघडते, मग वाचायचं काय? त्यावर दोघांची जी जुंपली, ती पुढच्या बैठकीत नवं पुस्तक घ्यायचं की नाही यावर येऊन थांबली. घ्यायचं ठरलंय. काकूंनी सगळ्यात आधी नाव लावलंय, आणि या वेळी सिनेमा पाहून येणाऱ्यांना चहा मिळणार नाही असंही ठरलंय. सिनेमा अजून निघालेलाच नाही, त्यामुळे नियम मोडायचा धोका सध्या नाही.